आप्पांचा दुसरा मॉनिटर

खंडेनवमी जवळ आली की मी हत्यारांची पिशवी दाराशी आणून ठेवते. बाकीच्यांचा तो सण. बेळगाव-निपाणी पट्ट्यात त्या दिवशी जे जे फिरतं, कापतं, दळतं आणि चालतं त्या सगळ्याची पूजा होते. मोटारसायकल, लेथ, पिठाची गिरणी, शिलाईयंत्र, आणि आता कॉम्प्युटर. आमचं घर बौद्ध, त्यामुळं माझ्या बेळगावच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानातल्या पकडी-पेचकसांना कधी कुंकू लागलं नाही. पण गिऱ्हाइकांच्या यंत्रांना लागलेलं कुंकू पुसण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं म्हणा ना!

कुंकवाचा दोष नसतो. दोष त्याच्या आधीच्या साफसफाईचा. वर्षभर ज्या कॉम्प्युटरच्या मागं कुणी ढुंकून बघितलेलं नसतं, तो त्या दिवशी पुसायला काढतात. पुसायचा म्हणजे मागच्या सगळ्या वायरी उपटायच्या. उपटताना फार उत्साह असतो, जोडताना देव आठवतो. मग माझा फोन वाजायला लागतो. "नंदाक्का, मॉनिटर मेला." त्यातही ज्यांच्याकडं दोन मॉनिटर, त्यांचा एक हमखास मरतो.

काकतीत एकजण लग्नाचे आणि वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड करतो. त्याच्याकडं गेले आणि मॉनिटरच्या मागं हात घातला, तर वायरीचं एक टोक मॉनिटरमध्ये आणि दुसरं टोकही त्याच मॉनिटरमध्ये! मी म्हटलं, "अरं, हा स्वतःशीच बोलत बसलाय की रं!" त्यावर तो काय म्हणाला असेल? "दोन्ही भोकं सारखीच दिसली, आक्का. पूजेला एक मोकळं ठिवू कसं?"

पिरनवाडीच्या एका वकिलांचं आणखी वेगळं. त्यांनी दुसऱ्या मॉनिटरच्या खाली, अगदी मधोमध, लिंबू ठेवलं होतं. त्या मॉनिटरची बटणं खालच्या कडेला. लिंबानं एक बटण दाबून धरलेलं, आणि बिचारा मॉनिटर जिथं वायरच नाही अशा भोकाकडं कान लावून बसलेला. मी लिंबू काढलं, बटण दाबून मॉनिटर सरळ केला, पडदा उजळला. वकीलसाहेब हात जोडून म्हणाले, "बघा, लिंबाची पॉवर!" मी म्हटलं, "पॉवर लिंबाचीच होती साहेब, पण उलटी." ते हसले नाहीत.

हा धंदा बाहेरच्या माणसाला जादूटोण्यासारखा वाटतो, म्हणून सरळ सांगते. वायर जोडली की कॉम्प्युटर त्या वायरीतून विचारतो, "कोण आहे तिकडं?" मॉनिटर आपलं नाव, आपली लांबी-रुंदी, आपल्याला काय जमतं ते सगळं सांगतो. हे एका श्वासाच्या आत होतं. उत्तर आलं तर चित्र जातं. उत्तर आलं नाही, तर कॉम्प्युटर समजतो तिकडं कुणीच नाही आणि आपल्या कामाला लागतो. मॉनिटर धडधाकट असेल, वीज असेल, दिवा लागलेला असेल. पण उत्तर पोचलं नाही म्हणजे तो नाहीच.

कॉम्प्युटर चालवायला मी विंडोजऐवजी लिनक्स टाकते, ते मला आवडतं ते एवढ्याचसाठी. ते काही लपवत नाही. एक ओळ टाइप केली की प्रत्येक भोकापुढं लिहून दाखवतं, 'कनेक्टेड' किंवा 'डिस्कनेक्टेड'. शिवाय फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही नीट चालतं. मी निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईची पोर. आई सुपात पानं घेऊन बसायची, तिच्या बोटांकडं बघत मी मोठी झाले. मी पहिल्यांदा तारेतून चित्र जाताना बघितलं, तेव्हा तोंड उघडं टाकून बघत राहिले होते. खरं सांगू? अजून राहते. आता केस पांढरे झाले, हल्लीची पोरं बिघडलेलं उघडून न बघता 'नवीन घ्या' म्हणतात, आणि ते ऐकून जीव हळहळतो. पण आज मला जे सांगायचंय ते मॉनिटरचं असूनही मॉनिटरचं नाही. ते आप्पांचं आहे.

आप्पा बसचे कंडक्टर होते. निपाणीला स्टँडच्या मागच्या अंगाला त्यांचं घर. आवाज असा की त्यांनी "संकेश्वर, निपाणी, कागल, कोल्हापूर" अशी हाळी दिली की पलीकडच्या फलाटावरचा माणूस दचकून पिशवी उचलायचा. निवृत्त झाले आणि नसांचा तो आजार लागला, ज्यात शरीर एकेक करून हात टेकत जातं. आधी बोटं गेली, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र लख्ख. सगळं कळतंय, सगळं ऐकू येतंय, आणि हलतात फक्त डोळे.

त्यांची लेक कविता निपाणीच्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. ती एक दिवस माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "आक्का, डोळ्यानं लिहायचं यंत्र करायचंय." लिनक्सवर चालणारा एक फुकट प्रोग्रॅम तिनं शोधून काढला होता. पडद्याच्या खाली एक छोटा कॅमेरा चिकटवायचा, तो डोळ्याची बाहुली बघतो. पडद्यावर मराठी अक्षरांचा तक्ता. ज्या अक्षराकडं माणूस टक लावून बघेल ते अक्षर उमटतं. मी तिला म्हटलं, "असलं काय असतंय व्हय?" ती म्हणाली, "असतंय. पण माझ्या हातून यंत्र जुळंना झालंय."

आम्ही दोघींनी ते जुळवलं. कविताच्या टेबलावर कॉम्प्युटर आणि एक मोठा मॉनिटर, तिला मागून सगळं सांभाळायला. आणि दुसरा मॉनिटर लहान, हलका, आप्पांच्या खाटेवर. ओळखीच्या वेल्डरकडून लोखंडी हात करून घेतला आणि त्याच्या टोकाला तो मॉनिटर उताणा निजलेल्या आप्पांच्या तोंडावर टांगला. पडदा खाली, पाठ छताकडं. कॅमेरा त्यालाच पक्का केला. मग आप्पांच्या डोळ्यांची आणि त्या पडद्याची सवय जमवायला कविताला कित्येक दिवस लागले. नजर 'क'वर आणि उमटतंय 'ख', असं चाललं होतं. केसभर हललं की सगळं मुसळ केरात.

जमलं त्या दिवशी मी तिथं होते. घरातली सगळी खाटेभोवती उभी. आप्पांच्या बायकोनं, सुशीलाक्कांनी, डोळ्याला पदर लावलेला. इतक्या महिन्यांनी आप्पा बोलणार होते! एक अक्षर आलं, त्याला काना लागला, मग पुढचं. चहा निवेल इतका वेळ गेला. सुशीलाक्का एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होत्या. शेवटी वाक्य पुरं झालं, "पंखा कमी करा." सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. किती दिवस तो माणूस थंडीनं गारठून पडला होता आणि आम्ही त्याला गरम होतंय म्हणून वारं घालत होतो! सुशीलाक्का पंखा बंद करून जमिनीवर बसल्या आणि हसता हसता रडल्या. मला त्या दिवशी आपल्या धंद्याचा जितका अभिमान वाटला तितका कधी वाटला नव्हता, आणि थोडी भीतीही वाटली.

पुढं आप्पा त्या पडद्यावरून घर चालवायला लागले. डाळीची फोडणी जळाली हे ते वासावरून सांगायचे. पाहुण्यांना "बसा" म्हणायचे आणि नको असलेल्यांना तेही म्हणायचे नाहीत. सुशीलाक्का त्या पडद्याला पडदा म्हणत नव्हत्या. "ह्यांची वाचा" म्हणायच्या.

तर यंदाचा दसरा. मी सकाळी उशिरा उठणार होते. फोन कविताचा. "नंदाक्का, आप्पांचा पडदा गेला."

"गेला म्हंजे काय? काळा पडलाय का 'नो सिग्नल' म्हणतोय?"

"'नो सिग्नल'. कॉम्प्युटर म्हणतोय, एकच मॉनिटर हाय."

"वायर हलवून बघितलीस?"

"सगळं बघितलं. काल खंडेनवमीचं बंदच होतं. आई म्हणाली, यंत्राला आज विश्रांती. आज लावला तर हे असं."

"बरं, उद्या सकाळी पहिल्या गाडीनं..."

"उद्या न्हाय चालणार, आक्का." तिनं मला मध्येच तोडलं. "आप्पांचा श्वास बिघडलाय. डॉक्टरीणबाई घरात बसून हाईत. आजच ठरवायचंय."

मी पिशवीत हत्यारं, एक जास्तीची वायर, ब्रश आणि सफाईचं अल्कोहोल टाकलं आणि बेळगावचा स्टँड गाठला. बसच्या बॉनेटवर झेंडूची माळ, ड्रायव्हरच्या कपाळाला गंध, प्रवासी आपट्याची पानं देऊन एकमेकांच्या पाया पडतायत. काकती गेलं, संकेश्वर गेलं. मला कधी नव्हे ते बस हळू वाटत होती.

घरात पाऊल टाकलं तर दसऱ्याचा मागमूस नाही. आप्पांच्या नाकातोंडावर मास्क, छाती भात्यासारखी वरखाली. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसलेल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, तेही हळू नव्हे, आप्पांना ऐकू जाईल असं. बाई मला तिथंच आवडल्या.

"हा मास्क आता पुरणार नाही. बेळगावला नेऊन गळ्याला भोक पाडायचं आणि श्वासाचं मशीन जोडायचं, हा एक रस्ता. मग ते घरी येतील, बरेच दिवस जगतील, पण मशीनवर. कुणीतरी सतत उशाशी पाहिजे. डोळा लागला आणि नळीत कफ अडकला, तर संपलं. दुसरा रस्ता म्हणजे भोक नको, त्रास होऊ नये एवढी औषधं द्यायची आणि इथंच राहू द्यायचं. मग थोडेच दिवस. दोन्हीत चूक काही नाही. पण उत्तर मला त्यांचं पाहिजे."

"मग विचारा की. डोळे मिटून हो-नाही सांगतात ते."

"तीनदा विचारलं. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. ते डोळे मिटतच नाहीत. त्या काळ्या पडद्याकडं बघत राहतात."

कविता म्हणाली, "त्यांना हो-न्हाय सोडून कायतरी बोलायचंय, आक्का. पडद्याबिगर कसं बोलतील?"

मी खाटेपाशी गेले. "आप्पा, मी नंदा. आले बघा." त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत नजर पडद्यावर नेली. मोटार बंद पडल्यावर माणूस बॉनेटकडं बघतो ना, अगदी तसं.

घरच्यांनी काही करून बघितलं नव्हतं असं नाही. टेबलावरचा मोठा मॉनिटर उचलून स्टुलावर ठेवला होता, कॅमेरा काढून त्याला लावला होता. पण अंतर बदललं, कोन बदलला, सगळी सवय मोडली. आप्पा बघायचे एकीकडं आणि उमटायचं भलतंच. सगळं पहिल्यापासून जुळवायला ताकद लागते, आणि ती त्यांच्यात उरली नव्हती. दोन-चार चुकीची अक्षरं उमटल्यावर त्यांनी रागानं डोळे मिटून घेतले होते. म्हणून कविताने कॅमेरा काढून परत जुन्या खुणेवर बसवलेला होता. उरला तो फक्त मॉनिटर.

मी कामाला लागले. टाइप केलं. उत्तर आलं, 'डिस्कनेक्टेड'. टेबलावरच्या टोकाची वायर काढून परत बसवली. दुसऱ्या भोकात घातली. 'डिस्कनेक्टेड'. बटणं बघितली, बरोबर. वीज होती, मॉनिटरचा दिवाही होता.

कविता म्हणाली, "चार दिवसांमागं अपडेट घेतला होता. त्याचं तर न्हाय?" शक्य होतं. अपडेटमध्ये चित्र दाखवणारा भाग बदलतो आणि जुन्या कार्डाशी त्याचं भांडण होतं, हे मी पुष्कळदा बघितलंय. लिनक्सचं बरं असतं, नवं आणताना जुनं फेकत नाही, माळ्यावर ठेवतं. मी यंत्र बंद करून जुन्यावरून सुरू केलं. 'डिस्कनेक्टेड'.

तेवढ्यात पुण्याहून आप्पांच्या मुलाचा, प्रशांतचा, फोन. कविताने स्पीकरवर ठेवला. "त्या लिनक्सचा नाद सोडा. विंडोज टाका, पाच मिनिटांत दिसंल. आणि विचारायचं काय त्यात? गाडी बोलवा, आप्पांना बेळगावला हलवा. मी निघालोय." तो काळजीपोटी बोलत होता, ते कळत होतं. पण माझंही डोकं फिरलं. "बाबा रं, छप्पर गळतंय म्हणून गाव बदलतात व्हय? सगळं पुसलं तर आप्पांच्या डोळ्यांची जुळणीबी पुसली जाईल. ये तू सावकाश. तुझं काम तू कर, माझं मला करू दे." फोन कविताने हळूच बंद केला. आप्पांच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुती पडल्यासारखी मला वाटली. हसले असावेत.

मग मी आणलेली वायर काढली. नवी वायर थेट कॉम्प्युटरपासून खाटेपर्यंत ओढली आणि लोखंडी हाताच्या वरून चाचपत मॉनिटरच्या भोकात बसवली. म्हणजे आता जुन्या वायरीचा संशय गेला. टाइप केलं. 'डिस्कनेक्टेड'.

आता फक्त मॉनिटर उरला. तो मेला असेल तर दसऱ्याच्या दिवशी तसाच, त्याच मापाचा दुसरा कुठून आणणार? आणलाच तर परत जुळणी. आप्पांची छाती वरखाली होत होती. इतक्या जवळ मी आणि इतका लख्ख माणूस, आणि मधे एवढीशी काच. वायर आहे, वीज आहे, सांगणारा आहे, ऐकणारे आहेत, आणि तरी कॉम्प्युटर म्हणतो तिकडं कुणी नाही. माझ्या उभ्या जन्मात तो शब्द मला इतका कठोर वाटला नव्हता.

"कविता, हाताचे नट जिथल्या तिथं ठेव. नुसता मॉनिटर सोडवायचा, कॅमेऱ्यासकट. एका बाजूनं धर."

आम्ही तो सोडवला आणि खिडकीच्या उजेडात नेऊन पालथा केला. पाठीवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, वर झेंडूची पाकळी चिकटलेली. त्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या यंत्रावर हे असतंच, म्हणून मी त्याकडं नुसतं बघितलं. मग टॉर्च लावून भोकात डोकावले. आत पिवळं! ओली हळद ओघळून आत गेली होती आणि तिथंच सुकून बसली होती. एरवी मॉनिटर उभा असतो, त्याला कितीही हळद लावा, ती खाली जमिनीवर ओघळते. हा एकटाच उताण्या माणसासाठी पालथा टांगलेला. त्याची पाठ म्हणजे ताटच.

अल्कोहोलात भिजवलेला कापूस ब्रशला गुंडाळून मी आत फिरवला. कापूस पिवळा निघाला. दुसराही. मी काही बोलणार नव्हते. पण सुशीलाक्का माझ्या मागंच उभ्या होत्या. त्यांनी कापूस बघितला.

"हळद हाय व्हय ती?"

मी तिसरा कापूस घेतला.

"मीच लावली गं." त्या भिंतीला टेकल्या. "पुढं काचंला लावली तर ह्यांची अक्षरं झाकतील, म्हणून मागनं लावली. वायर काढून, नीट पुसून. ह्यांची वाचा हाय, ती तशीच ऱ्हाऊ दे म्हणून हात जोडले. आणि मीच बुजीवली की वं! माझ्याच हातानं!" आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आक्का," मी म्हटलं, "पूजेनं काय वाईट झालं न्हाय. वाईट झालं ते ओल्या हळदीनं. वाळली हळद लावली असती तर मी आज घरात पुरणपोळी खात बसले असते. आता ते पुठ्ठ्याचं झाकण घ्या आणि इथं वारं घाला." रडणाऱ्या माणसाच्या हाताला काम द्यावं, हे मी आईकडून शिकले. त्या वारं घालायला लागल्या.

वाळल्यावर वायर बसवली. टाइप केलं. 'कनेक्टेड'! कविताने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. पण चित्र आलं ते पसरट, अक्षरं भोपळ्याएवढी. मॉनिटरनं नाव सांगितलं होतं, पण लांबी-रुंदी सांगताना अडखळला होता. म्हणजे आत कुठंतरी अजून कण होता. अशा वेळी आकडे हातानं टाकून काम भागवता येतं, पण आप्पांच्या नजरेशी मला तडजोड करायची नव्हती. परत उघडलं. परत ब्रश, परत कापूस, परत वारं. डॉक्टरीणबाई मध्येच म्हणाल्या, "अजून किती?" मी म्हटलं, "तुम्ही टाके घालताना कुणी विचारतं का?" बाई परत खुर्चीत जाऊन बसल्या. नंतर मला बोलल्याचं वाईट वाटलं, पण तेव्हा नाही.

या खेपेला सगळं जिथल्या तिथं आलं. तक्ता आपल्या मापाचा, अक्षरं आपल्या जागी. आम्ही मॉनिटर उचलून जुन्या खुणेवर बसवला, नट आवळले. पडद्याचा उजेड आप्पांच्या तोंडावर पडला आणि त्यांचे डोळे हलायला लागले.

डॉक्टरीणबाई वाकून म्हणाल्या, "आप्पा, मी परत विचारते. गळ्याला भोक पाडून मशीन लावायचं की नाही? वेळ घ्या."

आप्पा त्यांच्याकडं बघेनात. नजर तक्त्यावर गेली. सुशीलाक्का सवयीनं उशाशी उभ्या राहून वाचायला लागल्या.

"स... सु..." मग त्या थांबल्या. पडद्यावर आलं होतं, 'सुशे'.

त्यांनी पटकन पदर सावरला. आप्पांच्या पिढीतला माणूस चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. 'अगं', 'ऐकलं का', एवढंच. उभ्या संसारात त्यांनी परक्यांसमोर हे नाव उच्चारलं नसणार. खोलीत इतकी माणसं होती आणि हे फक्त एकीला विचारायचं होतं, म्हणून त्यांनी नाव लिहिलं. हो-नाहीच्या डोळ्यांत हे कुठं मावणार होतं?

कविता वाचायला गेली, तर सुशीलाक्कांनी हातानं तिला थांबवलं. आपल्यासाठीचं होतं, ते त्यांनी स्वतःच वाचलं. एकेक अक्षर येत होतं आणि मध्ये आप्पांचा श्वास अडकत होता. मी यंत्र जुळवलं होतं, मला त्यातली प्रत्येक तार ठाऊक होती, आणि तरी एक माणूस नुसत्या नजरेनं शब्द उचलून काचेवर ठेवतोय हे मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"सुशे, तुला झेपंल का?"

सगळे त्यांना विचारत होते. त्यांना मात्र तिला विचारायचं होतं. रात्रंदिवस उशाशी बसणारी ती. नळी, कफ, मशीन, झोप नाही, हे सगळं तिच्या वाट्याला येणार होतं. म्हणून सकाळपासून त्यांनी हो-नाहीसाठी डोळे मिटले नव्हते.

डॉक्टरीणबाई खिडकीकडं वळल्या. कविता घाईनं म्हणाली, "आप्पा, मी हाय की, प्रशांत हाय की..."

"तू गप्प ऱ्हा," आक्का म्हणाल्या. त्यांनी आप्पांच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला. मला वाटलं, आता त्या म्हणणार, झेपंल, न झेपायला काय झालं. बायका असंच म्हणतात. माझी आईही असंच म्हणायची.

"न्हाय झेपत," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? लई दमलीया मी. रातच्याला बसल्या जागी डुलकी लागती, दचकून उठतो आणि आधी तुमची छाती बघतो. हाताला मुंग्या येत्यात. कुणापाशी बोलली न्हाय, तुमी इचारलं म्हणून सांगितलं."

त्यांनी आप्पांच्या मास्कचा पट्टा सारखा केला.

"पण तुमी ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "दमली तर पोरीला उठवीन, पोराला बोलवून घीन, शेजारणीला बसवीन. माझं मी बघतो. तुमी ऱ्हावा."

आप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. डोळ्यांतून पाणी कानाच्या पाळीपर्यंत ओघळलं आणि पुसायला हात नव्हता, तो आक्कांनी पुरवला. पाण्यानं कॅमेऱ्याला बाहुली दिसेना. आक्कांनी डोळे कोरडे केले, तेव्हा नजर परत तक्त्यावर गेली. अक्षरं यायला लागली, आधीपेक्षा सावकाश. आक्का वाकून, बोट न लावता, एकेक अक्षर वाचत गेल्या, आणि पुरं झाल्यावर त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं.

"मग ऱ्हातो."